घरासमोरच्या वाफ्यात भाजी, पण देखणी

परसातला भाजीचा वाफा अर्धा ओसाड पडला तरी कुणाची हरकत नसते. घरासमोरच्या वाफ्याला ती मुभा नाही. तिथला कोबी कापला की मागे टक्कल उरतं, मुळा उपटला की खड्डा, आणि दोन्ही पुढचा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत राहतात. म्हणून समोरच्या वाफ्यासाठी झाड निवडताना ते भरात कसं दिसतं यापेक्षा तोडणी झाल्यावर कसं दिसतं, हे आधी पाहावं. पानं खुडली की पुन्हा फुटणारी, फळं काढली तरी झुडूप म्हणून उभी राहणारी किंवा वर्षभर जागा न सोडणारी झाडं हा इथला कणा. बाकीचं सगळं त्यांच्याभोवती बसवायचं. इथे वाफा म्हणजे जमिनीवर चौकट बांधून तीत माती भरलेला उंच वाफा.

जागा ठरवताना

आधी ऊन मोजा. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला जागेचा एक फोटो काढा आणि थेट ऊन किती तास पडतं ते मोजा. वांगी, मिरची, टोमॅटो यांना ६ ते ८ तास लागतात. पालेभाज्या आणि बऱ्याच सुगंधी वनस्पती ४-५ तासांतही चालतात. एका दिवसाच्या मोजणीवर भरवसा ठेवू नका. सूर्याची वाट ऋतूनुसार सरकते आणि उन्हाळ्यात लख्ख असलेला कोपरा हिवाळ्यात भिंतीच्या सावलीत जाऊ शकतो.

घराच्या भिंतीला वाफा चिकटवू नका. किमान ४५ सेंमी अंतर ठेवा. नाहीतर भिंतीत ओल उतरते आणि रंगकाम-डागडुजीच्या वेळी झाडं तुडवली जातात. छपराच्या पागोळ्यांची रेषाही टाळा. वरून पडणाऱ्या धारेने माती उसळते, कोवळी रोपं मोडतात.

घर जुनं असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. वर्दळीच्या रस्त्याकडेच्या मातीतही ते साचलेलं असतं. अशा ठिकाणी आधी मातीची तपासणी करून घ्या आणि वाफ्यासाठी माती बाहेरून आणा. शंका असलेल्या जागी पालेभाज्या आणि कंदमुळं टाळून फळभाज्या लावाव्यात, कारण शिशाची धूळ पानांवर आणि कंदांना चिकटते, फळात मात्र शिसं फारसं उतरत नाही.

वजनाचा विचार बहुतेक जण विसरतात. २४० × १२० × ३० सेंमीच्या वाफ्यात ओली माती भरली की ती एक टनाच्या वर जाते. पाण्याची टाकी, सांडपाण्याचं झाकण, गॅसची किंवा विजेची लाइन यांच्यावर वाफा येणार नाही हे नक्की करा. वसाहतीचे किंवा स्थानिक संस्थेचे नियमही आधीच विचारा. गाडी बाहेर पडते त्या बाजूला तर झाडं ७५ सेंमीच्या खालीच ठेवा, म्हणजे चालवणाऱ्याला रस्ता दिसेल.

मापं आणि चौकट

हात साधारण ६० सेंमी आत पोहोचतो. म्हणून दोन्ही बाजूंनी फिरता येत असेल तर रुंदी १२० सेंमी, एकाच बाजूने येत असेल तर ६० सेंमी. याहून रुंद केला की मधली तोडणी करायला वाफ्यात पाय ठेवावा लागतो, आणि तुडवलेली माती घट्ट झाली की चौकट बांधायचा अर्धा फायदा गेला. खोली किमान ३० सेंमी. घरासमोर ४०-४५ सेंमी अधिक बरी, कारण काठावर बसून काम होतं आणि फिरायला निघालेली कुत्री पानांपर्यंत सहज पोहोचत नाहीत. दोन वाफ्यांत ६० सेंमीची वाट ठेवा. ढकलगाडी न्यायची असेल तर ९०.

पुढची सगळी गणितं २४० × १२० × ३० सेंमीच्या वाफ्याची आहेत. खोली वाढवलीत तर माती त्या प्रमाणात वाढवा.

लाकडी फळी ४ ते ५ सेंमी जाड हवी. पातळ फळी ओल्या मातीच्या दाबाने एका पावसातच बाहेर फुगते, आणि समोरून ते फार वाईट दिसतं. लांब बाजूच्या मधोमध, म्हणजे १२० सेंमीवर, आतून एक खुंट ठोका किंवा समोरासमोरच्या फळ्या आडव्या पट्टीने बांधा. कोपऱ्यात आतून चौकोनी खांब, आणि प्रत्येक फळीला कोपऱ्यावर ३ स्क्रू, ९-१० सेंमी लांबीचे, गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. खिळे ओलीने सैल होतात. कोन काटकोनात आहेत का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सुमारे २६८ सेंमी भरले पाहिजेत.

रेल्वेचे जुने स्लीपर टाळा, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल मुरलेलं असतं. तांबं-क्रोमियम-आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं जुनं लाकूड आणि रंगाचे पोपडे निघणाऱ्या जुन्या फळ्याही नकोत. विटांचा किंवा दगडी वाफा जास्त टिकतो. त्यात सर्वांत खालच्या थरात दर ६० सेंमीवर पाण्यासाठी भोक सोडा. पत्र्याचा वाफा चांगला चालतो, फक्त वरची कड दुमडलेली हवी.

चौकट बसवण्याआधी जमीन स्पिरिट लेव्हलने सपाट करा. उतारावर बसलेल्या वाफ्यात पाणी एका टोकाला साचतं. मग तिकडची झाडं कुजतात, इकडची सुकतात आणि खत कमी पडलं असं वाटत राहतं.

भरणी

आकारमान ८६४ लिटर होतं, पण भरलेलं मिश्रण १५-२० टक्के दबतं. म्हणून सुमारे १००० लिटरची तयारी ठेवा: ५०० लिटर चांगली पोयटा माती, ३०० लिटर पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत, २०० लिटर कोकोपीट किंवा जाड वाळू. माती चिकट असेल तर वाळूचा वाटा वाढवण्यापेक्षा कंपोस्टचा वाढवा. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजल्यावर साधारण ६० ते ७० लिटर होते. ती कोरडी कधीच मिसळू नका, आधी पूर्ण भिजवा आणि एकदा पाणी निथळून टाका, म्हणजे त्यातलं मीठही जाईल.

नुसतं कंपोस्ट भरण्याचा मोह होतो. तसा वाफा पहिले दोन महिने झकास दिसतो आणि वर्षभरात एक तृतीयांश खाली बसतो. वर त्यात स्फुरद (फॉस्फरस) गरजेपेक्षा जास्त साचतं.

तळाला पुठ्ठा अंथरा. चिकटपट्टी आणि चकचकीत छपाईचे तुकडे काढून, १५ सेंमी एकमेकांवर चढवून तो भिजवा. खालचं गवत दबून मरतं आणि पुठ्ठा मातीत जिरतो. तळाला खडीचा थर मात्र नको. निचरा सुधारण्यासाठी तो घालतात, पण बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. ते सीमेवर अडून राहतं आणि मुळं आणखी ओली राहतात. वाफा काँक्रीटवर असेल तर खोली ४५ सेंमी करा आणि खालच्या कडेला निचऱ्याची भोकं ठेवा.

शेणखत आणताना दोन गोष्टी पाहा. कच्चं शेण लावणीच्या तोंडावर वापरू नये. खाण्याचा भाग मातीला टेकणारी पिकं घ्यायची असतील तर वापर आणि तोडणी यांत किमान चार महिन्यांचं अंतर हवं. दुसरं म्हणजे तणनाशकाचा अंश. काही तणनाशकं चारा, जनावर आणि शेण यांतून जाऊनही टिकतात. परीक्षा सोपी आहे: आणलेलं खत आणि माती निम्मी-निम्मी मिसळून दोन-तीन कुंड्यांत घेवडा पेरा, शेजारी साध्या मातीच्या कुंडीतही पेरा. दोन-तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं आत वळून पेल्यासारखी झाली, तर ते खत परत करा.

भरून झालं की भरपूर पाणी द्या आणि दोन आठवडे काहीही लावू नका. माती बसते, तण उगवतं, ते खुरपीने वरच्यावर काढता येतं. मग मातीची पातळी कडेपासून ३-४ सेंमी खाली राहील एवढीच भर घाला. काठोकाठ भरलेल्या वाफ्यातून प्रत्येक पाण्याबरोबर माती वाटेवर येते.

पाणी, लावणीच्या आधी

ठिबकच्या नळ्या रोपं लावण्याआधी टाकाव्यात. नंतर टाकताना निम्मी रोपं मोडतात. या वाफ्याला लांबीच्या दिशेने ४ नळ्या, ३० सेंमी अंतराने. दर ३० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रिपर धरला तर ३२ ड्रिपर, म्हणजे ताशी ६४ लिटर. साधारण हवेत वाफ्याला आठवड्याला २५ मिमी पाणी पुरतं, ते इथे ७२ लिटर होतं. आठवड्यातून दोनदा ३५-३५ मिनिटं चालवलं की झालं. कडक उन्हाळ्यात दुप्पट लागतं: तीनदा ४५ मिनिटं. पाऊस पडला की ते वजा करा. घड्याळापेक्षा बोट खरं; ५ सेंमी खोल माती ओलसर लागली तर थांबा.

वरून पाइपने शिंपण्याची सवय सोडा. पानं ओली राहिली की रोग येतात, आणि उडालेली माती खालच्या पानांना चिकटते.

काय लावावं

आधी आराखडा. रस्त्यावरून पाहताना वाफ्याचे तीन पट्टे करा: मागे ३० सेंमी, मध्ये ६०, पुढे ३०. मागे वेल, मध्ये झुडपं, पुढे बुटकं आणि काठावरून सांडणारं. उत्तर गोलार्धात घराचं तोंड दक्षिणेला असेल तर हे आपोआप जुळतं. तोंड उत्तरेला असेल तर मागचा वेल पुढच्यांवर सावली पाडेल. तिथे वेल वाफ्याच्या आखूड बाजूला न्या, किंवा पुढच्या पट्ट्यात सावली सोसणारी पालेभाजी घाला.

मांडणीत समतोल ठेवा. मध्ये एक वांगं, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिरची, दोन्ही टोकांना तीन-तीन स्विस चार्ड (बीटच्या कुळातली, रंगीत देठांची पालेभाजी). इतकी साधी आरशातली रचनासुद्धा 'हे मुद्दाम लावलंय' असं सांगते. दहा प्रकारची एकेक रोपं लावली तर प्रत्येक रोप सुंदर असूनही वाफा पसारा वाटतो. एका जातीची तीन किंवा पाच रोपं एकत्र, आणि एका वाफ्यात सहा-सात जातींपेक्षा जास्त नको. हिरव्याशेजारी जांभळं ठेवा, जांभळ्याशेजारी जांभळं नको. दुरून गडद पानं मातीत विरून जातात.

स्विस चार्डला या कामात तोड नाही. देठ लाल, पिवळे, गुलाबी, पांढरे. बाहेरची पानं काढत राहा, मधून नवी येत राहतात. 'ब्राइट लाइट्स' या मिश्र रंगांच्या जातीला १९९८ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जाती पारखणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळाला. बीटप्रमाणेच याचं एक 'बी' म्हणजे बियांचा गुच्छ असतो, एका जागी तीन-चार रोपं येतात. रंग रोपाच्या देठावरच दिसतो, त्यामुळे विरळणी करताना हवा तो रंग राखता येतो. अंतर २५ सेंमी.

वांगं आणि मिरची ही फळं तोडली तरी झुडूप राहतात. वांग्याला ६० सेंमी, मिरचीला ४५. लहान फळांची, फळं वर तोंड करून धरणारी मिरची समोरून अधिक खुलते. एक सावधगिरी: शोभेची म्हणून विकली जाणारी मिरचीची रोपं नर्सरीत अशा औषधांनी फवारलेली असू शकतात, जी खाण्याच्या पिकावर चालत नाहीत. बी आणून रोप घरीच करा, किंवा भाजीचं रोप म्हणून विकलेलंच घ्या.

मागच्या पट्ट्यात लाल देठाची मायाळू. जाड, चमकदार पानं, उन्हाळ्यात जोमाने वाढ, आणि शेंडे खुडले की आणखी दाट. बी रात्रभर भिजवून पेरा किंवा वीतभर फांदी लावा, सहज मुळं धरते. ४० सेंमीवर ५ रोपं पुरतात. मांडव १५०-१८० सेंमी उंच, खांब जमिनीत किमान ४५ सेंमी. पानांनी भरलेला मांडव वाऱ्यात शिडाचं काम करतो. थंडीत त्याच मांडवावर वाटाणा घ्या. जांभळ्या शेंगांचा वालही देखणा आहे, पण त्याच्या जून बिया कच्च्या खाऊ नयेत. फुलासाठी लावतात तो स्वीट पी मात्र इथे नको: दिसायला वाटाण्यासारखा, आणि बिया विषारी. हाच नियम सगळ्या शोभेच्या झाडांना लावा. ज्या वाफ्यातून घरची मुलं आणि पाहुणे पान तोडून तोंडात टाकणार, तिथे कण्हेर किंवा धोतऱ्यासारखं काहीही असू नये.

पुढच्या पट्ट्यात जांभळं बेसिल, गड्डा न धरणारं लेट्यूस आणि काठाला चाइव्हज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात) किंवा थाइम (बुटकी सुगंधी वनस्पती). लेट्यूसचं बी मातीवर टाकून नुसतं दाबायचं, पुरायचं नाही. त्याला उगवायला उजेड लागतो, आणि माती फार तापली तर ते उगवतच नाही. उन्हाळ्यात त्याच जागी लाल माठ घ्या. १५ सेंमी झाला की शेंडा खुडा, उपटू नका. दोन्ही कोपऱ्यांत नस्टर्शियम, ज्याची पानं आणि फुलं दोन्ही खाता येतात. सकस मातीत त्याला पानंच जास्त येतात, म्हणून ते हलक्या मातीच्या कुंडीत लावून कुंडी वाफ्यात पुरावी. पुदिन्याचीही कुंडीच, पण वाफ्याच्या बाहेर. वाफ्यात सोडला की दोन हंगामांत वाफा त्याचा होतो.

वर्षभर टिकणारं एखादं रोझमेरी हवं असेल तर सर्वांत कोरड्या कोपऱ्यात, त्या जागी थोडी जास्त वाळू घालून, आणि जवळचा ड्रिपर बंद करून.

लावणी आणि तोडणी

रोपं संध्याकाळी लावा. आदल्या दिवशी रोपांना आणि वाफ्याला पाणी द्या. मागून पुढे लावत या, कुंडीत रोप जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा. पहिले चार-पाच दिवस दुपारची सावली करा. मग ५ सेंमी जाडीचं वाळक्या पानांचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं लांब. खोडाला चिकटलेल्या ओल्या आच्छादनाने खोड कुजतं.

तोडणी हीच इथली छाटणी. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका, आणि काढायची ती घराकडच्या बाजूने आधी. बेसिलचे तुरे दिसले की खुडा. वांगी-मिरची पिकून लोंबत ठेवली तर दिसतात छान, पण नवी फळं धरणं मंदावतं; तीन-चार ठेवा, बाकीची काढा.

तरीही जागा रिकामी होणारच. त्यासाठी घरामागे १० ते १५ रोपं लहान कुंड्यांत कायम तयार ठेवा. लेट्यूस, माठ, बेसिल दर तीन आठवड्यांनी थोडं-थोडं पेरत राहिलात तर एखादं रोप फुलोऱ्यावर आलं की त्याच दिवशी ते काढून दुसरं बसवता येतं. वाफा देखणा ठेवण्यात या सुट्या रोपांचा वाटा मांडणीपेक्षा मोठा आहे.

काय बिघडतं

तीन-चार आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली तर मिश्रणात अर्धवट कुजलेला लाकडाचा भुसा असण्याची शक्यता मोठी. तो कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढतो. निंबोळी पेंड किंवा गांडूळखत वरून द्या आणि पुढे भुसा फक्त आच्छादनाला वापरा.

झाड हिरवंगार, फळ मात्र नाही, अशी मिरची असेल तर नत्र जास्त किंवा ऊन कमी. खत थांबवा आणि तास पुन्हा मोजा.

चार्डच्या पानावर पांढुरक्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. अळी पानाच्या आत असते, फवारणी पोहोचत नाही. पान काढून टाका. मावा नस्टर्शियमवर आधी येतो, त्यामुळे तिथे रोज नजर टाका. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा निघतो. उरला तर १ लिटर पाण्यात ५ मिली निमतेल आणि काही थेंब पातळ साबण, संध्याकाळी, पानाच्या खालून. उमललेल्या फुलांवर फवारू नका, मधमाश्या येतात; आणि ती फुलं खायचीही आहेत. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली तर दोष बहुधा दाटीचा असतो. मधलं एखादं रोप काढून वारा खेळू द्या.

टोमॅटो लावला असेल आणि फळाचा तळ काळा पडत असेल तर चुन्याच्या मागे लागण्याआधी पाणी पाहा. एक दिवस भरपूर, चार दिवस कोरडं अशा पाण्याने मुळांना कॅल्शियम उचलता येत नाही.

मांजरी मोकळ्या मातीत उकरतात. तिथे आच्छादनावर काटक्या आडव्या-उभ्या टोचून ठेवा. रस्त्याने जाणाऱ्यांनी काही तोडू नये असं वाटत असेल तर फळं मागे लावा. पुढच्या कडेला चाइव्हज ठेवली तर तोडलेलं आठवड्यात भरून येतं.

हंगाम बदलताना

झाडं उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या. अपवाद दोन: रोगट झाडं आणि मुळांवर गाठी असलेली. त्या गाठी सूत्रकृमीच्या (मातीतल्या सूक्ष्म कृमींच्या) असतात आणि मुळं वाफ्याबाहेर, कंपोस्टच्याही बाहेर गेली पाहिजेत. मात्र घेवडा-वाटाण्याच्या मुळांवरच्या सहज निघणाऱ्या गुलाबी गाठी नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या, त्या राहू द्या.

वर २.५ सेंमी कंपोस्ट पसरा. या वाफ्याला ७२ लिटर लागतं. खणून मिसळायची गरज नाही. वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातले, म्हणून पुढच्या वर्षी ते दुसऱ्या वाफ्यात न्या. एकच वाफा असेल तर एक हंगाम वांग्याच्या जागी केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) किंवा भेंडी घ्या. लाल भेंडीचं फूल जास्वंदीच्या कुळाला शोभेल असंच असतं, आणि मधला उंचवटाही टिकतो. त्याच वेळी फळ्यांचे स्क्रू आवळा आणि ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहून जाऊ द्या.